चौकड्याचा कागद

आमच्या घरमालकांनी मला ईसीजी वाचायला शिकवलं. नळाची वेळ, सायकल लावायची जागा आणि गच्चीवरच्या कोणत्या दोरीवर कुणाचे कपडे, एवढं शिकवणारे घरमालक पुष्कळ असतात. आमचे त्यातले नव्हते. पाणी केव्हा येतं ते त्यांना स्वतःलाच ठाऊक नसायचं. पण जिन्यात गाठून, हातात भाजीची पिशवी असताना, मला विचारायचे, "मोठे चौकोन सहा. ठोके किती?"

त्यांना सगळे 'सर' म्हणत. मेडिकल कॉलेजात आयुष्यभर पोरांना शिकवून निवृत्त झाले आणि आर्वीत घर बांधून राहिले. खाली ते एकटे, वर आम्ही तिघं: मी, आमची ही आणि मुलगी. आता ते नागपूरला लेकीकडे असतात. पण मी सांगतो आहे ते ते खाली राहत होते तेव्हाचं, म्हणजे अगदी परवापरवापर्यंतचं.

घर पाहायला गेलो त्या दिवशी त्यांनी धंदा विचारला नाही की गाव विचारलं नाही. सतरंजीवर बसवलं आणि पुढ्यात गुलाबी कागदाची एक लांब पट्टी टाकली.

"काय दिसते?"

हिनं माझ्याकडे पाहिलं. मी आजोबांपासूनच्या कापड दुकानाच्या गादीवर बसणारा माणूस. दिसलं ते सांगितलं, "चौकडा आहे जी. बारीक चौकडा, त्यावर मोठा चौकडा."

सर ताडकन उभे राहिले. मला वाटलं, घर गेलं.

"जिंदगीभर पोट्टे शिकवले मी," ते म्हणाले, "पण एकानं पहिले चौकडा नाई सांगितला! सारे त्या रेघेच्याच मागं लागतात. कापड पाह्यलं नाई अन् नक्षी वाचून राह्यले!"

घर मिळालं. त्याबरोबर शिकवणीही मिळाली, जी मी मागितली नव्हती. आणि माझं नाव त्या दिवसापासून 'कापडवाले' पडलं.

शिकवणी बहुतेक जिन्यातच व्हायची. कागदावरचा बारीक चौकोन म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. असे पाच बारीक मिळून एक मोठा, आणि पाच मोठे झाले की एक सेकंद. हृदयाच्या एका उंच टोकापासून पुढच्या टोकापर्यंत मोठे चौकोन मोजायचे आणि तीनशेला त्या आकड्यानं भागायचं, की मिनिटाचे ठोके निघाले.

"चार चौकोन?"

"पंच्याहत्तर."

"तीन?"

"शंभर."

"पाच?"

"सर, दूध नासेल."

"साठ. नासू दे. साठ म्हण अन् वर जा."

रेघेवरच्या चढउतारांना मी एकदा टेकड्या म्हणालो, तर दोन दिवस बोलले नाहीत. त्यांच्या घरी टेकड्यांना बंदी होती. हृदय असं आवळतं म्हणून त्यांनी ओला पंचा पिळून दाखवला होता. वरचे कप्पे आवळले की एक लहानसा उंचवटा उमटतो, तो 'पी'. खालचे मोठे कप्पे आवळायला निघाले की सुईसारखं टोक, ते 'क्यूआरएस'. आणि खालचे कप्पे सैल होऊन पुन्हा तयार झाले, की मागून येणारी ती आळसावलेली लाट म्हणजे 'टी'. "टेकडी तिथंच राह्यते बाप्पा. हे काम आहे. कोणीतरी काम करून राह्यलं आत."

पी आणि टोक यांच्यामधलं अंतर मात्र त्यांनी आमच्या हिच्याकडून शिकवलं. ती वरून दोरीला टोपली बांधून खाली सोडायची, भाजीवाला त्यात वांगी टाकायचा. सर ओट्यावरून ओरडायचे, "पाह्य कापडवाले! वरच्यानं टोपली सोडली, खालच्याले पोचली. मधात गेला तो पीआर. तीन ते पाच बारीक चौकोन, बस. जास्त लागले तर दोर अडकून राह्यला. अजिबात नाई पोचली तर ब्लॉक!"

"मंग खालचा काय करते, सर?" हिनं वरून विचारलं. तिला असल्या गोष्टीत माझ्यापेक्षा जास्त गती.

"खालचा आपल्या मनानं चालते, सूनबाई. पण सावकाश. मालक नसलेल्या दुकानासारखा."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे का पाहिलं, ते मला अजून कळलेलं नाही.

एका हृदयाच्या बारा वेगवेगळ्या रेघा कशाला, असं मी विचारलं तेव्हा ते मला गुरांच्या बाजारात घेऊन गेले. तिथं एका बैलाभोवती गिऱ्हाईकं जमली होती. कुणी दात पाहत होता, कुणी खूर, कुणी वशिंड. "बैल एकच, पाह्यणारे बारा. एकाच्यानं सौदा होत नाई. अन् तो मागं उभा आहे ना शेपटीपाशी, तो एव्हीआर. त्याले सारं उलटंच दिसते, त्याचं तेच नॉर्मल. ज्या दिवशी त्याले सुलटं दिसन, त्या दिवशी समज कोणीतरी हाताच्या तारा उलट्या लावल्या." बैलाचा मालक आमच्याकडे संशयानं पाहायला लागला तेव्हा आम्ही निघालो.

त्यांच्या शर्टाच्या खिशात शाळेच्या कंपासपेटीतला दोन टोकांचा कर्कटक असायचा. त्यानं ते टोकांमधली अंतरं ताडून पाहत, ठोके नियमित आहेत की नाहीत ते ठरवत. सगळ्या शर्टांच्या खिशांना बारीक भोकं होती आणि बनियनवर केव्हातरी रक्ताचा ठिपका. दिवाळीत हिनं करंज्या पाठवल्या तर त्यांनी कर्कटक लावून ताटलीवरच निकाल दिला, "रेट ठीक. रिदम अनियमित." हिनं पुढच्या वर्षी साच्यातल्या करंज्या पाठवल्या. त्या खाल्ल्या त्यांनी, पण म्हणाले, "पेसमेकरच्या दिसून राह्यल्या."

कोणतीही गोष्ट ठरलेल्या क्रमानं वाचल्याशिवाय निकाल सांगायचा नाही, हा त्यांचा बाणा. आमच्या मुलीचा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी मोबाइलवरची अक्षरं मला दिसेनात, म्हणून मी फोन त्यांच्या हातात दिला. माझी चूक. त्यांनी चष्मा पुसला. मुलीचं नाव वाचलं. आईचं नाव वाचलं. बैठक क्रमांक प्रवेशपत्राशी ताडून पाहिला. मग विषय वरून खाली.

"सर," ही जिन्याच्या कठड्याला धरून म्हणाली, "पास का नापास, तेवढं सांगा नं जी!"

"घाई काऊन करता? पहिले पोट्टी आपलीच आहे का, ते तर पाहू द्या."

पोरगी चांगल्या मार्कांनी पास होती. पण ती बातमी आमच्यापर्यंत पोचेस्तोवर हिनं तिला दुकानात बसवून, लग्न ठरवून, जावयाशी भांडूनही घेतलं होतं.

बाजारातून कुणी कॅरीबॅगमध्ये ईसीजी घेऊन आलं की सर आधी विचारत, "कागद कोणाचा?"

"भावाचा."

"भाऊ कुठी आहे?"

"घरी आहे जी, झोपला."

"मंग त्याले उठव अन् आण. कागदाचा इलाज मी करत नाई."

लोक चिडत. "डॉक्टर असून पट्टी पाह्यत नाई!" अशी गावात त्यांची ख्याती होती. मलाही ते जरा जास्तच वाटायचं. मला तर आता पट्टी वाचता येत होती! दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी नोकरांना पीआर समजावून सांगायचो. नोकर मान डोलवत थप्प्या लावत. एकानं तर विचारलं होतं, "शेठ, तुमाले आता डिग्री भेटन का?"

तर, असा मी तयार होऊन बसलो होतो.

पौषात सर गिरडकडे भावाच्या शेतावर गेले. तूर निघायच्या दिवसांत ते दरवर्षी जात आणि मोबाइल घरीच कुलपात ठेवून जात, शेतात पडेल म्हणून. त्याच दिवसांत मी सिंदीला एका साखरपुड्याला गेलो. तिथं वडाभात होता. वडाभातावर गरम तेलाची फोडणी ओतत फिरणारा माणूस माझा दूरचा साडू निघाला, आणि नात्याला नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही. दुसऱ्या दिवशी छातीत आग. ओवा झाला, सोडा झाला, आग काही जाईना.

"दाखवून या," ही म्हणाली. "सर असते तर त्यायलेच दाखवलं असतं. पण आता थांबू नका."

एसटी स्टँडजवळ नवीनच एक तपासणी केंद्र निघालं होतं. चालवणारा आमच्या ओळखीचा, पन्नाशीचा माणूस. त्याचा आधी फोटो स्टुडिओ होता. गावातल्या निम्म्या लग्नांत आम्ही त्याच्यापुढे ताठ बसलेलो. लोकांच्या हातात मोबाइल आले, स्टुडिओ बसला, तेव्हा त्यानं कुठलासा कोर्स केला आणि मशीन घेतलं. तो पट्टी काढायचा, तिचा फोटो नागपूरच्या एका डॉक्टरांना पाठवायचा, रिपोर्ट नंतर मोबाइलवर यायचा. आतला पडदाही तोच होता, धबधब्याचा.

"हलू नका शेठ," तो तारा लावून म्हणाला. "इकडं पाहा. रेडी!" मी सवयीनं हसलो.

पट्टी आली. केवढी लांब! त्यानं ती स्टुडिओतल्या कटरवर ठेवून कडेच्या पांढऱ्या पट्ट्या कापून काढल्या, कोपरे नीट केले आणि आल्बमच्या कागदावर चिकटवून दिली. माझ्या आधीच्या म्हाताऱ्यानं माझ्या पट्टीकडे आणि आपल्या पट्टीकडे पाहून दोन्ही सारख्याच लांब असल्याची खात्री करून घेतली. मीही समाधानानं घरी आलो. चहा मागवला. मग दुकानातली टेप घेऊन, मांडी घालून, स्वतःचं हृदय वाचायला बसलो.

पहिल्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोठे चौकोन आठ. पुन्हा मोजले. आठाच्या वर जरासं. तीनशे भागिले आठ. कागदावर केलं, मोबाइलवर केलं. सदतीस. फार तर सदतीस.

पीआर मोजला. पाचाच्या वर नको, तो आठ. टोकाची रुंदी तिनाच्या आत हवी, ती चार. म्हणजे ठोके मंद, टोक रुंद, टोपलीचा दोर अडकलेला. सरांनी शिकवलेलं सगळं माझ्याच कागदावर एकत्र आलं होतं. चहा गार झाला.

मी मनगट धरून नाडीही पाहिली. ती नव्वदच्या वर लागली. पण कागद मशीननं काढला होता आणि नाडी मी मोजली होती. माझा माझ्यावर कधीच फार विश्वास नव्हता, म्हणून मी कागदाची बाजू घेतली.

संध्याकाळी रिपोर्ट आला. 'ठोके मंद. ब्लॉकची शंका. तातडीने हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे.' वाचून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? तर, आपण बरोबर वाचलं! एखादा क्षण मला खरोखर अभिमान वाटला. मग हिला हाक मारली.

सरांना फोन लावला. तो खालच्या बंद घरातच वाजला. आम्ही दोघं वर उभे राहून ऐकत होतो.

त्यानंतर मी जिना एकेक पायरी थांबून चढायला लागलो. दुकानात थान उचलणं बंद, गिऱ्हाईकाशी घासाघीस बंद. मंद हृदयाला राग परवडत नाही म्हणून लोक मागतील त्या भावात कापड जायला लागलं. पुण्याच्या मेव्हण्यानं फोनवर पेसमेकरची सगळी माहिती दिली, बसवल्यावर काय काय जवळ आणायचं नाही त्याच्यासकट. मी हिला हळू आवाजात बोलावलं.

"हे पाहा, लॉकरची चाबी…"

"ते मले माहीत आहे. तुमालेच माहीत नाई ते."

"अन् विम्याचे कागद…"

"तेबी माह्याचजवळ आहेत. तुम्ही गुमान पडा बरं."

पण ती खोलीबाहेर गेली आणि स्वयंपाकघरात बराच वेळ भांड्याचा आवाज आला नाही. ही बाई आवाजाशिवाय काम करत नाही.

दुसऱ्या दिवशी ती गहू निवडत बसली होती. म्हणाली, "यंदा कुरडया जास्त करीन म्हणते. कॉलेजच्या होस्टेलले पोट्टीसंगं पाठवीन." मी 'हो' म्हणालो. कुरडया उन्हाळ्यात होतात. उन्हाळ्याला अजून दोन-अडीच महिने होते आणि मी मनातल्या मनात तिथपर्यंत जाऊन पाहत होतो, आपण त्या गच्चीवर दिसतो का. मला गच्ची दिसली, पाटावरच्या पांढऱ्या कुरडया दिसल्या, कावळे हाकलणारी ही दिसली. मी काही दिसलो नाही. त्या वेळी गंमत वगैरे सगळी संपली होती.

नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळाली. सकाळी गाडी दारात आली. ही बॅग घेऊन मागच्या सीटवर बसली, मी पायरीवरून गाडीपर्यंतचं अंतर कसं कापावं याचा विचार करत उभा, आणि फाटकातून सर आत आले. खांद्यावर तुरीच्या शेंगांची पिशवी, अंगावर शेताची धूळ.

"कुठी निघाली वरात?"

मी आल्बमचा कागद पुढं केला. त्यांनी तो घेतला आणि न पाहताच काखेत दाबला. पिशवी खाली ठेवली, माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहत उभे राहिले. शेंगा पिशवीतून घरंगळून पायरीवर पसरल्या. कुणी उचलल्या नाहीत.

"चक्कर आली का?"

"नाही जी."

"डोळ्यापुढं अंधारी? कुठी पडला-बिडला?"

"नाही. छातीत आग होती. वडाभात…"

"ब्याऐंशी," ते म्हणाले. "अन् कागद काय म्हणते?"

"सदतीस."

"कोणी मोजले?"

"मीच," मी म्हणालो. "तुमच्याच पद्धतीनं. नाडी मीबी पाह्यली होती सर, ती जास्तच लागली. मला वाटलं, नाडी अन् हृदयाचं कधीकधी जमत नसेल…"

"हृदय सदतीस ठोके देईन तर नाडी ब्याऐंशी कुठून आणन बे? बाकीचे काय दुकानातून मागवते?"

गाडीतून ही म्हणाली, "सर, ते राहू द्या. जीवाले धोका आहे का नाई, तेवढं सांगा."

सरांनी पहिल्यांदा कागदाकडे पाहिलं. पायरीवर बसले, खिशातून कर्कटक काढला आणि रेघांकडे वळलेच नाहीत. पट्टीच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या ठोक्याच्याही आधी, एक काटकोनी खूण असते. मी ती आजवर कधी लक्षात घेतली नव्हती. मला ती कागदाची किनार वाटायची.

"हे काय आहे?"

"किनार?"

"हे माप आहे. मशीन सुरू झाली की पहिले स्वतःचं माप दाखवते. उंची दहा बारीक चौकोन, रुंदी पाच. दारासारखं दिसते, उभं. आता मोज."

मी मोजलं. उंची दहा. रुंदीही दहा. दार नव्हतं ते, चांगली चौकोनी खिडकी होती.

"रुंदी दुप्पट," सर म्हणाले. "माप जर दुप्पट ताणलं, तर त्याच्या मागचं सारंच दुप्पट ताणलं. चार चौकोनांचे आठ झाले. पीआर ताणला, टोक ताणलं. कागद दुप्पट जोरानं पळाला, कापडवाले. हृदय नाई मंदावलं." मग कागदाची कड बोटानं चाचपली. "अन् वेग लिहिला असते खाली. ती कड कोणी कापली?"

"फोटोवाल्यानं."

ते उठले. त्यांनी पुन्हा माझं मनगट धरलं आणि मला घेऊन फाटकाबाहेर पडले. गाडी तशीच उभी. मागून ही बॅगेसकट चालत येत होती, कारण बॅगेत डबा होता आणि डबा ती कुणाच्या भरवशावर सोडत नाही. भर बाजारातून एक म्हातारा माणूस मला वासरासारखं ओढत नेतो आहे, हे दृश्य आर्वीनं पाहिलं. माझ्या शेजारच्या दुकानदारानं ओरडून विचारलंही, "शेठ, कुठी घेऊन चालले तुमाले?"

केंद्रात तीन-चार माणसं बाकावर बसली होती. सर थेट मशीनशी गेले. हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, माझ्या खिशातली दुकानाची टेप शेजारी पसरली आणि म्हणाले, "चालव." फोटोवाल्यानं घाबरत बटण दाबलं. कागद सरसर बाहेर आला. सर सेकंदकाट्याकडे पाहत राहिले, मग हात वर केला. टेप लावली.

"सेकंदाले पन्नास मिलिमीटर. पंचवीस पाहिजे. हे कोणी बदललं?"

"मीच, सर," फोटोवाला म्हणाला. तो खरोखर गोंधळला होता. "लोक म्हणत, एवढुशीच पट्टी? दुसरीकडं मोठी भेटते. तर मी मशीन पाह्यली, त्यात हे बटण दिसलं. एन्लार्ज केली नं, सर. मोठी कॉपी सर्वांनाच आवडते. पाहा नं, लाटा कशा मोकळ्या दिसतात!"

"अन् कड?"

"बॉर्डर कापली. फिनिशिंगसाठी."

मला वाटलं, सर आता त्याला खातील. पण ते खुर्चीवर बसले आणि विचारलं, "असे किती मोठे केले?"

त्या आठवड्यातले सगळेच. आर्वीतली कितीतरी हृदयं दुप्पट ताणली गेली होती. बाकावरच्या एका बाईनं आपली पट्टी पदराखालून काढली. तिलाही तोच रिपोर्ट आला होता. ती पुन्हा विचारायला आली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला माझाच आठवडा दिसला.

"त्या नागपूरच्या डॉक्टरचा काय दोष," सर म्हणाले, "त्याच्यापर्यंत माणूस पोचलाच नाई. फोटो पोचला. बोलव साऱ्याइले. आजच्या आज. मी इथंच बसतो."

आधी माझी काढली. धबधब्यापुढं पडलो. या वेळी फोटोवाला 'रेडी' म्हणाला नाही. पट्टी आली ती पहिलीच्या निम्मी. बाकावरचा एक जण हळहळला, "अरे! शेठची अर्धीच निघाली!"

सरांनी ती उजेडात धरली. माझं नाव वाचलं. वय वाचलं. तारीख. वेग. माप. मग ठोके, मग त्यांची लय. मग पी, पीआर, टोक. मग बाराही रेघा एकेक करून, शेपटीपाशी उभ्या असलेल्या त्या एव्हीआरसकट. ही माझ्या दंडाला धरून उभी होती आणि तिची नखं रुतत होती. पण घाई करा म्हणाली नाही.

"नॉर्मल," सर म्हणाले. "वडाभात कमी खा."

हिनं तिथंच बाकावर बसून डबा उघडला. नागपूरच्या वाटेसाठी केलेली पोळी आणि बटाट्याची भाजी. तिनं पहिला घास मला दिला, दुसरा त्या पदराखाली पट्टी धरलेल्या बाईला, आणि मग स्वतः जेवायला लागली. किती दिवसांची भूक होती कोण जाणे. तोंडात घास असतानाच ती रडायला लागली आणि रडता रडता मला म्हणाली, "अन् भाव नका पाडू आता दुकानात. पुरे झालं."

दुपारपर्यंत एकेक करून माणसं आली. सर प्रत्येकाचं मनगट आधी धरत, कागद नंतर पाहत. त्या बाईचंही नॉर्मल निघालं. एका म्हाताऱ्याच्या पट्टीत खरंच थोडी गडबड सापडली. त्याला सरांनी आपल्या हातानं चिठ्ठी लिहून दिली आणि कुठं जायचं ते सांगितलं. फोटोवाला प्रत्येकाला दारापर्यंत पोचवत होता. त्यानं कटर उचलून माळ्यावर ठेवून दिला होता.

उन्हं उतरल्यावर आम्ही निघालो. ही पुढं झाली, तिला गाडीवाल्याची समजूत घालायची होती. सर आणि मी मागून. केंद्राच्या पायऱ्या उतरताना त्यांनी पुन्हा माझं मनगट धरलं. चौक गेला, बाजार गेला, माझं दुकान गेलं. नोकर दारात येऊन पाहत होते.

"सर, अजून मोजून राह्यले का?"

"बोलू नको. आकडा चुकते."

मी खाली पाहिलं. त्यांच्या हातात घड्याळ नव्हतं. ते मशीनशेजारी टेबलावरच राहिलं होतं, सकाळपासून. त्यांचा अंगठा माझ्या नाडीवर नव्हे, मनगटाच्या हाडावर होता. आणि पकड सकाळपेक्षा घट्ट होती.

घड्याळ उद्या आणता येणार होतं; मी चाल तेवढी हळू केली.